तापलेलं जहाज

धामनटोल्याच्या धावपट्टीवर विमान सोडून बाकी सगळं उतरत असे. सकाळी बगळे, दुपारी शेळ्या आणि पौष महिन्यात शंकरपटाच्या बैलजोड्या.

लाखनीपासून आत, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध ही पट्टी इंग्रजांनी लढाईच्या काळात बांधली. लढाई त्यांनी पुढे दुसरीकडेच नेली, तिथेच जिंकली आणि पट्टी विसरून गेले. स्वराज्य आल्यावर पट्टी सरकारकडे आली. सरकारनेही तीच पद्धत चालू ठेवली.

पण पट्टी आहे म्हटल्यावर पट्टीला माणूस हवा. म्हणून अडुसष्ट साली श्यामरावांची तिथे ‘धावपट्टी सहायक’ या पदावर नेमणूक झाली. सहायक कोणाचे, ते खात्याने कळवलं नाही. पट्टीच्या काठाला दोन खोल्या, दारात कडुनिंब आणि एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी लांब कापडी पिशवी, एवढा त्यांचा कारभार होता. त्या पिशवीला गावात ‘एका पायाचा पायजमा’ म्हणत. श्यामराव रोज सकाळी खात्याची टोपी घालून बाहेर येत आणि आकाशाकडे बघत. आकाश रिकामं असल्याची खात्री पटली की टोपी काढून चहा घेत. या कामात त्यांच्या हातून नऊ वर्षांत एकही चूक झाली नव्हती.

पटाशी मात्र त्यांचं वैर होतं. झाडीपट्टीत शंकरपट म्हणजे बैलांच्या जोड्या सरळ धावेवर घड्याळ लावून पळवायच्या, आणि पंचक्रोशीत इतकी सरळ धाव दुसरी नव्हती. दर पौषात श्यामराव ‘येथे पट भरविण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी ठोकत. पट मंडळाचे लोक ती पाटी हलक्या हाताने उपटत, गर्दीत तिला धक्का लागू नये म्हणून मंडपामागे नेऊन ठेवत, आणि पट उरकला की पुन्हा जागेवर रोवून देत. पटाच्या आधी हेच लोक पट्टीवरचे खड्डे मुरूम टाकून बुजवत, दगड वेचत, रोलर ओढत. त्यामुळे पट्टी सुस्थितीत असल्याचं श्यामराव दरवर्षी वर कळवत, आणि सरकारी अहवालात क्वचितच आढळतं तसं ते खरं असे.

सत्याहत्तरच्या भादव्यात धानावर तुडतुडे पडले. हिरव्यागार बांधीत मधेच गोल चट्टा करपायचा आणि बघता बघता बांधी वाळायची. पाठीवरच्या पंपाने फवारून तो आटोक्यात येईना. तेव्हा सरकारने विमानातून औषध फवारायचं ठरवलं आणि कोणाला तरी धामनटोल्याच्या पट्टीची आठवण झाली.

खात्याचे अधिकारी मधुकरराव जीपने आले. खाली न उतरताच म्हणाले, “श्यामराव, गुरुवारी विमान येणार.”

“कुठे साहेब?”

“इथे.”

श्यामरावांनी आकाशाकडे पाहिलं.

“एक दिवस चाचणी,” मधुकरराव म्हणाले. “विमान उतरणार, पेट्रोल आणि औषधाचं पाणी घेणार, फवारून परत येणार, पुन्हा भरणार. दुपारच्या जेवणाच्या आत चार फेऱ्या झाल्या तर विमान हंगामभर इथेच. नाही झाल्या तर ते चंद्रपूरकडे जाईल. मग ही पट्टी यादीतून कमी, आणि तुम्ही सिरोंच्याला रस्त्याच्या कामावर.”

“साहेब, हाताखाली माणसं?”

“मंजूर आहेत ना.”

“किती?”

“तुम्ही,” मधुकरराव म्हणाले आणि जीप वळवली.

श्यामरावांच्या पत्नी रंभाबाई दारातून सगळं ऐकत होत्या. “मी काही सिरोंच्याले येत नाही,” त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. “नऊ वर्सं वर पाहून राहिले तुमी. आता एक येऊन राहिलं, तं त्याले नीट खाली घ्या.”

“एकट्यानं कसं घेऊ?”

“एकट्यानं कायले? गोमाजीकडं जा.”

गोमाजी म्हणजे पट मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याकडे जाणं म्हणजे नऊ वर्षं पाटी ठोकलेल्या हाताने त्यांना नमस्कार करणं. श्यामरावांनी टोपी घालावी की काढावी याचा बराच विचार केला आणि शेवटी ती हातात धरून गेले. गोमाजी अंगणात बैलाच्या शिंगांना तेल लावत बसले होते.

“या श्यामरावजी. पाटी ठोकाले आले काय? पौषाले तं लय टाइम हाय.”

“पाटीचं नाही, गोमाजी. जरा मदत पाहिजे होती.”

गोमाजींनी तेलाची वाटी खाली ठेवली. श्यामरावांनी विमान, औषध, चार फेऱ्या, सिरोंचा असं सगळं सांगितलं. गोमाजींनी मन लावून ऐकून घेतलं.

“म्हंजे ते सरळ धावेवर येनार. त्याले झेंडी दाखवा लागन. जनावरं, मानसं धावेपासून दूर ठेवा लागन. थांबलं का चारापानी कराचा, अन् पुन्हा सोडाचं. हे तं पटच झालं जी!”

“तसंच म्हणा.”

“जोर किती बैलांचा हाय त्याले?”

“बैलांचा नाही. घोड्यांचा मोजतात. शे-दोनशे तरी असतील.”

“घोड्यांचा?” गोमाजींनी मान हलवली. “मंग बैलापेक्षा नाजूक काम हाय. या तुमी. आमचे पोट्टे येतीन.”

गुरुवारी पहाटे अख्खं पट मंडळ फेटे बांधून हजर झालं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोर लागला. दोराबाहेर पंचक्रोशी उभी होती आणि दोराच्या आत कोंबडीसुद्धा नव्हती. तुडतुड्याने ज्यांच्या बांध्या वाळत होत्या ते सगळ्यांत पुढे होते. आदल्या दिवशी ट्रकने आलेली पेट्रोलची आणि औषधाची पिंपं श्यामरावांनी आपल्या खोलीसमोर, पट्टीच्या लांबीच्या मध्यावर, काठाच्या कडुनिंबाच्या सावलीत रांगेने लावून ठेवली. ट्रकबरोबर नागपूरचा एक मेकॅनिकही आला होता. झेंडी खुशालच्या हातात होती. पटात वीस वर्षं जोड्या सोडणारा माणूस हा. उतरणाऱ्याला झेंडी दाखवायचा अनुभव त्याला नव्हता, पण हे त्याने कोणाला कळू दिलं नाही.

विमान आलं. पिवळं, एका माणसाचं, आवाजाच्या मानाने लहानच. वारा बिलकुल नव्हता, पायजमा खांबाला चिकटून लोंबत होता. विमान पट्टीला टेकलं, पार दुसऱ्या टोकाला जाऊन थांबलं, आणि त्या अरुंद जागेत मोठ्या कष्टाने, सगळ्या गावावर धूळ उडवत वळून हळूहळू कडुनिंबापाशी आलं. कॅप्टनने इंजिन बंद केलं, खाली उडी मारली आणि पहिली गोष्ट विचारली ती आडोशाची. श्यामरावांनी पळसाच्या झुडपांकडे बोट दाखवलं. कॅप्टन झपाझप तिकडे गेला.

मेकॅनिकने पिंपाचं बूच काढायला हात घातला, तोच गोमाजींनी पंजा वर केला.

“जहाजाले हात लावू नोका. तापलं हाय.”

“काका, पेट्रोल भरायचंय.”

“भरा ना जी, नाही कोन म्हनते? पन थंडं झाल्यावर. धावून आलेल्या जोडीले तसंच पाजलं तं जनावर बसते. मंग उठत नाही. चला रे, फेरी मारून आना त्याले.”

पटात धावून आलेल्या जोडीला कोणी लगेच बांधत नाही. हळूहळू फिरवतात, अंग पुसतात, श्वास खाली बसला की मगच पाणी दाखवतात. मंडळाच्या पोरांना हे सांगावं लागत नव्हतं. कोणी पंखाला, कोणी शेपटीला हात लावले.

कॅप्टन पट्टा आवळत झुडपातून बाहेर आला तेव्हा त्याचं विमान डझनभर माणसांच्या मधोमध, अगदी शांतपणे, लाखनीच्या दिशेने चाललं होतं. एक जण ओल्या पोत्याने त्याचं नाक पुसत होता. दुसरा तोंड जवळ नेऊन त्याला चुचकारत होता.

“अरे! कहाँ ले जा रहे हो?” कॅप्टन ओरडला.

“फेरी मारून आनतो साहेब,” खुशाल अदबीने म्हणाला. “तुमी तवरिक चाय घ्या.”

कॅप्टन मागे धावला. पण चालत्या जनावराच्या मागून धावू नये, ते बिथरतं, असं त्याला दोन-तीन वडीलधाऱ्यांनी धरून समजावलं. फेरी पूर्ण झाली. गोमाजींनी विमानाच्या नाकावर पंजा टेकवला, थोडा वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, “पाजा आता.”

विमान पहिल्या फेरीला उडालं तेव्हा जीपमध्ये बसून बघणाऱ्या मधुकररावांचा चेहरा इंजिनापेक्षा तापला होता. त्यावर हात ठेवायला मात्र कोणी गेलं नाही.

“श्यामराव, हे काय चाललंय? या हिशेबाने चौथी फेरी दिवाळीला होईल! आणखी एकदा असं झालं तर मी इथूनच विमान चंद्रपूरला पाठवतो.”

श्यामराव गोमाजींकडे गेले. “गोमाजी, ते इंजिन आहे. बैल नाही.”

“मी कुठं म्हनतो बैल हाय? पन धावलेलं हाय ना? तापलेलं हाय ना? हात लावून पाहा.”

“मेकॅनिक म्हणतो, फिरवण्याचा आणि पेट्रोलचा काही संबंध नाही.”

“त्याच्या कारखान्यात नसन. माह्या हातानं मी तापलेल्याले पाजनार नाही जी. तुमी दुसरी मानसं पाहून घ्या.”

दुसरी माणसं मंजूर नव्हती. श्यामराव पट्टीच्या मधोमध उभे राहिले. एका बाजूला जीप, दुसऱ्या बाजूला फेटे आणि वर रिकामं आकाश. या आकाशाकडे नऊ वर्षं बघून त्यांना त्याचा कंटाळा आला नव्हता, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा समजलं. त्यांना सिरोंच्याला जायचं नव्हतं. यात रंभाबाईंचा संबंध नव्हता. त्यांना इथे, या पट्टीवर, आलेलं विमान बघायचं होतं.

आता खात्याच्या नोकरीत माणूस आणखी काही शिको न शिको, एक शिकतोच. दोन माणसं दोन बाजूंना अडून बसली, तर खरं कोणाचं हे शोधायला जाऊ नये. प्रकरणाची जागा बदलावी. श्यामरावांनी पट्टीच्या टोकाकडे पाहिलं. विमान तिथे जाऊन थांबतं. मग धूळ उडवत वळतं. मग इथवर सरपटत येतं, आणि भरून झालं की उडायला पुन्हा टोकाशी जातं. कशासाठी? तर पिंपं इथे आहेत म्हणून. आणि पिंपं इथे कशासाठी? तर कडुनिंबाची सावली इथे आहे म्हणून. सावली पिंपांना नको होती. ती श्यामरावांना हवी होती.

“गोमाजी,” ते म्हणाले, “फेरी मारायचीच ना? मारा. पण जिथं थांबेल तिथंच. तोंड मागं फिरेपर्यंत.”

“अर्धीच फेरी?”

“अर्धी. पण सगळ्यांनी मिळून.”

गोमाजींनी मिशी चाचपली. “लहान धावेच्या जोडीले अर्धी चालते म्हना. पोत्यानं पुसू देसान ना?”

“पुसा.”

“मंग काही हरकत नाही.”

पिंपं छकड्यांवर चढवली. जुंपायला जवळ जे बैल होते ते पटाचेच होते. छकडे टोकाला जाऊन उभे राहतात न राहतात तोच विमानाचा आवाज आला. कॅप्टनला हे सांगायची सोय नव्हती, तो वर होता. तेव्हा श्यामरावांनी खुशालला झेंडी आडवी धरून टोकाला उभं केलं.

कॅप्टन उतरला आणि बघतो तो समोर एक फेटेवाला आणि चार बैल. त्याने विमान थांबवलं, इंजिन बंद केलं आणि शिवी द्यायला तोंड उघडलं. पण तोवर त्याचं तोंड पट्टीकडे झालेलं होतं. मंडळाने विमान जागच्या जागी, अल्लाद, फिरवून ठेवलं होतं. ना धूळ, ना सरपटणं. पोतं फिरलं. गोमाजींचा पंजा टेकला. “पाजा!” दोघांनी पंपाचा दांडा धरला, दोघांनी औषधाची नळी. कॅप्टन आत बसल्या बसल्या मान वळवून बघत राहिला.

“हो गया?” त्याने विचारलं.

खुशालने उत्तरादाखल झेंडी खाली केली, आणि दोन्ही दोरांच्या मागून पटात जोडी सुटताना होतो तसा एकच कल्ला झाला. कॅप्टन पुढे सांगायचा, की पंख थरथरले ते इंजिनाने नव्हे.

मधुकररावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग ते कानाला लावून पाहिलं. चालू होतं.

दोन फेऱ्या झाल्या, तिसरीही अशीच सुटली. चौथीच्या वेळी मात्र वारा उठला. पायजमा फुगून आडवा झाला आणि नेमका उलट्या बाजूला. कॅप्टनने उतरता उतरताच हाताने खूण केली. आता याच टोकावरून उडता येणार नव्हतं. पार दुसऱ्या टोकाला जाऊन वाऱ्याकडे तोंड करावं लागणार होतं, आणि पिंपं इकडे. विमान तर इंजिन चालू ठेवून तिकडे निघालंसुद्धा.

“छकडे न्या! छकडे न्या!” श्यामराव ओरडले. धावताना त्यांची टोपी पडली. ती उचलायला ते थांबले नाहीत.

छकड्यांना जुंपलेले बैल कोणाचे, हे त्या गडबडीत सगळे विसरले होते. बैल विसरले नव्हते. समोर त्यांची ओळखीची सरळ धाव, बाजूला लोक, आणि खुशालच्या हातातली झेंडी सवयीने खाली गेलेली. दोन्ही जोड्या सुटल्या. विमान पट्टीवरून चाललं होतं आणि पेट्रोलचे छकडे काठाने, दोराच्या आतून, त्याला मागे टाकत निघाले. मेकॅनिकने डोळे मिटून घेतले. लोकांनी आरडाओरडा केला तो मदतीसाठी नव्हे. कोणती जोडी पुढे, यावर वाद चालू होता.

छकडे आधी पोहोचले. एकही पिंप पडलं नाही. मागाहून विमान येऊन वळलं. आता याची फेरी कोणती धरायची, हा प्रश्न होता. सगळे गोमाजींकडे बघू लागले.

“सोताच्या पायानं एवढं चालून आलं,” गोमाजी म्हणाले. “झाली फेरी. पाजा.” आणि मागे वळून म्हणाले, “पन या बैलाले पाजू नोका रे आत्ताच.”

तिकडे कडुनिंबाखाली मधुकररावांच्या पोटात कावळे ओरडत होते. सूर्य केव्हाच माथ्यावरून ढळला होता. साहेबांचं जेवण श्यामरावांच्या घरीच होतं. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले.

“झालं का हो, बाई?”

“भात शिजून राहिला जी,” रंभाबाई म्हणाल्या.

साहेब पारावर जाऊन बसले. थोड्या वेळाने परत आले.

“अजून शिजतोय?”

“जुना तांदूळ हाय. लवकर शिजत नाही,” रंभाबाई म्हणाल्या आणि चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं. खिडकीतून पट्टीचं टोक दिसत होतं. तिथे पंपाचा दांडा वरखाली होत होता.

मधुकरराव तिसऱ्यांदा दाराशी आले तेव्हा पट्टीवरून कल्ल्याचा आवाज आला आणि विमान घरावरून निघून गेलं. कौलं हादरली.

“झाला,” रंभाबाई म्हणाल्या. “बसा जी.”

मधुकरराव बसले. पहिला घास घेऊन त्यांनी ताटातल्या भाताकडे पाहिलं, मग रंभाबाईंकडे, मग पुन्हा भाताकडे. भात अंमळ गिचकाच झाला होता. इतका वेळ चुलीवर राहिल्यावर आणखी काय होणार! ते जन्माने नागपूरचे होते, पण आजोळ लाखांदूरचं, धानाच्याच मुलखातलं. भात त्यांना कळत होता. मुकाट्याने वरण वाढून घेतलं.

हात धुतल्यावर त्यांनी श्यामरावांना बोलावलं. श्यामराव धुळीने माखलेले, उघड्या डोक्याने येऊन उभे राहिले.

“चार फेऱ्या, दुपारच्या जेवणाच्या आत,” मधुकरराव म्हणाले. “माझ्या जेवणाच्या आत. बसतंय नियमात. विमान राहील.”

श्यामरावांनी डोक्यावरची टोपी चाचपली, ती नव्हती. मग नोकरीची सवय कामी आली. “साहेब, मग आता माणसं मंजूर होतील?”

“कशाला? तुमच्याकडे आहेत की,” मधुकरराव म्हणाले आणि जीपमध्ये चढले.

संध्याकाळी नागपूरला मुक्कामी परतण्याआधी कॅप्टनने सगळ्या मंडळाला विमान जवळून दाखवलं. गोमाजींना आत बसवलं. गोमाजी बसले, दोन्ही बाजूंना बघितलं आणि म्हणाले, “याले कासरा नाही काय?” कॅप्टनने दांडा दाखवला. तो दांडा गोमाजींनी जरासा ओढून पाहिला आणि समाधानाने खाली उतरले. पुढचं गाव कोणतं, कोणाच्या बांध्या आधी, याची चर्चा पारावर सुरू झाली. ज्यांच्या बांध्यांवर सकाळी औषध पडलं होतं ते फेटा मागे सारून, जणू स्वतःच फवारून आल्यासारखे बोलत होते.

श्यामराव घरात आले. रंभाबाई गोधड्यांचा ढीग बांधत होत्या.

“अवो, सन जवळ आला. उद्या गोधड्या धुवाच्या हायेत. पट्टीवर वाळू घालते सकाळीच, नेहमीसारख्या.”

“जमणार नाही,” श्यामराव म्हणाले.

“काहून?”

“उद्या सकाळी विमान येणार आहे.”

रंभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “बरं,” त्या म्हणाल्या, “दोरीवर घालते मंग.”

“परवाही येणार आहे,” श्यामराव म्हणाले. हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. “त्याच्या दुसऱ्या दिवशीही. सकाळी पहिलं, मग दिवसभर.”

“समजलं जी.”

“काठावर घाल गोधड्या,” ते जरा वेळाने म्हणाले. “पण दोराच्या बाहेर.”